मिटलेले रोमकूप : डोक्यावर वण ठेवून जाणारे आजार

बाळाचे जावळ काढले, घरातील मृत्यूनंतर दहाव्याला मुंडण केले किंवा नवस फेडताना डोक्यावरून वस्तरा फिरवला, तरी काही आठवड्यांत डोके पुन्हा काळे दिसू लागते. टायफॉइडसारखा मोठा ताप येऊन गेला किंवा बाळंतपण झाले की दोन-तीन महिन्यांनी कंगव्यात मूठमूठ केस येऊ लागतात, घरातल्या सगळ्यांना काळजी वाटते, आणि पुढच्या सहा-आठ महिन्यांत तेही बहुतेक भरून निघतात. याउलट, शाळकरी वयात डोक्यावर पुवाचे फोड येऊन गेलेल्या एखाद्या माणसाच्या डोक्यावरची रुपयाएवढी गुळगुळीत जागा साठीतही तशीच असते. तिच्यावर तेल, लेप, कांद्याचा रस किंवा महागडे सीरम यांपैकी कशाचाही उपयोग होत नाही. संपूर्ण डोके भादरले तरी परत येणारे केस एवढ्याशा पुरळाने कायमचे का जावेत, या कोड्याचे उत्तर केसात सापडत नाही; ते केस ज्या खळग्यातून उगवतो त्या खळग्यात शोधावे लागते.

कंद शाबूत तर पील

माणसाच्या डोक्यावर साधारण एक लाख केस असतात आणि प्रत्येक केस त्वचेत खोलवर गेलेल्या एका अरुंद नळीतून वर येतो. या नळीला रोमकूप म्हणतात. जो केस विंचरला जातो, कापला जातो, रंगवला जातो तो निर्जीव असतो. जिवंत असतो तो रोमकूप. त्याच्या तळाशी पेशी वेगाने विभागत राहतात, त्यांपासून केस तयार होतो आणि महिन्याला सुमारे एक सेंटिमीटर या गतीने वर सरकतो. हा तळ मात्र कायमचा नसतो. डोक्यावरचा केस दोन ते सहा वर्षे वाढतो, त्यानंतर दोन-तीन आठवड्यांत त्याचा तळ आक्रसून जातो, पुढचे सुमारे तीन महिने तो नुसताच टिकून राहतो आणि मग गळतो. रोज पन्नास ते शंभर केस गळणे हा या चक्राचाच भाग असून त्यात आजार काही नाही. नवे चक्र सुरू होताना रोमकूपाला आपला तळ पुन्हा बांधावा लागतो, आणि तो बांधणाऱ्या पेशी तळाशी राहत नाहीत. त्यांचे ठिकाण बरेच वर, तेलग्रंथीच्या खाली, थंडीने किंवा भीतीने केस उभा करणारा बारीक स्नायू रोमकूपाला जेथे चिकटतो तेथल्या एका लहानशा उंचवट्यात असते. त्यांना मूळपेशी म्हणतात. केस घडवण्याचे सारे सामर्थ्य तळाशीच असते असा समज दीर्घकाळ होता. १९९० साली जॉर्ज कोत्सारेलिस, तुंग-तियेन सुन आणि रॉबर्ट लावकर या संशोधकांनी उंदरांच्या त्वचेवर केलेल्या प्रयोगांतून या उंचवट्याकडे लक्ष वेधले, आणि टकलाकडे पाहण्याची वैद्यकाची दृष्टी त्यानंतर बदलत गेली.

गिरणा नदीच्या पाण्यावर केळी घेणाऱ्या भडगाव-पाचोरा भागातील शेतकऱ्याला ही रचना चटकन उमगेल. केळीचे जे खोड म्हणून दिसते ती पानांच्या देठांची गुंडाळी असते. घड उतरवल्यावर ते खोड कापून टाकले किंवा वादळात बाग आडवी झाली, तरी जमिनीतला कंद शाबूत असला की बाजूने पील फुटते आणि त्याच जागी पिलबाग उभी राहते. कंदच कुजला तर वरून कितीही खतपाणी दिले तरी तेथून काही फुटत नाही. मूळपेशींचा तो उंचवटा हा केसाचा कंद आहे. वस्तऱ्याने खोड जाते, तापाने किंवा बाळंतपणाने एकाच वेळी पुष्कळशी खोडे पडतात, पण कंदाला धक्का लागत नाही, म्हणून केस परततात. ज्या आजारांत कंदाचाच नाश होतो आणि त्याच्या जागी वणाचे तंतू भरतात, त्यांना वैद्यकात स्कारिंग अ‍ॅलोपेशिया, म्हणजे वण ठेवणारे टक्कल, असे म्हणतात.

दाह वर की खाली

रोगप्रतिकारक पेशी शरीराचे रक्षण करतात, परंतु कधी कधी त्या स्वतःच्याच अवयवांवर चालून जातात. डोक्यावर एकाएकी नाण्याएवढी गोल, स्वच्छ जागा उघडी पडते, जिला लोक चाई म्हणतात, तिच्यात हेच घडते. मात्र तेथे हल्ला रोमकूपाच्या तळावर होतो आणि वरच्या उंचवट्यातील मूळपेशी बचावतात. म्हणूनच चाईच्या जागेवर भिंगातून पाहिले तर रिकामी छिद्रे जागच्या जागी दिसतात आणि पुष्कळदा काही महिन्यांत तेथून आधी पांढरट, मग काळे केस फुटतात. वण ठेवणाऱ्या आजारांत दाह वर, नेमका उंचवट्याच्या पातळीवर असतो. निरोगी अवस्थेत या भागाला प्रतिकारक पेशींपासून एक प्रकारचे अभय असते, म्हणजे त्या पेशींना हा भाग सहसा दिसतच नाही. हे अभय मोडले की लढाई मूळपेशींपर्यंत पोचते, शेजारची तेलग्रंथी लवकरच नाहीशी होते, रोमकूपाची भिंत फुटते, आतल्या केसाचे तुकडे त्वचेच्या आतल्या थरात शिरून दाह आणखी वाढवतात, आणि शेवटी शरीर ती जागा वणाच्या ऊतीने बुजवून टाकते. छिद्रच उरत नाही. त्वचा तेथे गुळगुळीत, किंचित खोलगट आणि चकाकणारी दिसते.

हा फरक किती मोलाचा आहे हे जळगावला लागून असलेल्या बुलढाणा जिल्ह्यातील घटनेवरून कळते. डिसेंबर २०२४ च्या अखेरीपासून शेगाव तालुक्यातील बोंडगाव, कालवड, हिंगणा अशा गावांत माणसांचे केस हाताला लागतील तसे निघू लागले आणि काही दिवसांतच टक्कल पडू लागले. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेची पथके आली, पाण्यावर, शाम्पूवर, बुरशीवर संशय घेतला गेला, आणि पुढे महाडचे डॉ. हिम्मतराव बावस्कर यांनी रुग्णांच्या रक्तात, केसांत व रेशनच्या गव्हात सेलेनियम या मूलद्रव्याचे प्रमाण फार वाढलेले आढळल्याचे जाहीर केले. टकलाचे रूप भयंकर होते, पण कंद मेले नव्हते. अनेकांच्या डोक्यावर पुन्हा केस दिसू लागले. टकलाचा आकार आणि ते पडण्याचा वेग यांवरून आजाराचे गांभीर्य ठरत नाही. आठवड्यात सगळे डोके उघडे पडूनही केस परत येऊ शकतात, आणि वर्षाला बोटभर सरकणारा, कोणाच्या लक्षातही न येणारा चट्टा कायमचा असू शकतो.

बुरशी, खवडा आणि क्ष-किरण

रोमकूप बुजतात ही कल्पना आजची नाही. सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानात क्षुद्ररोगांच्या प्रकरणात इंद्रलुप्ताचे वर्णन करताना केस गळण्याची क्रिया आणि त्यानंतर रोमकूप रोधले जाऊन नवे केस न उगवण्याची क्रिया अशा दोन वेगळ्या पायऱ्या मांडल्या आहेत. त्यामागची वात-पित्त-कफाची उपपत्ती आजच्या पेशीविज्ञानाशी जुळवत बसण्याचे कारण नाही. पण पाहणाऱ्याची नजर तीक्ष्ण होती हे मान्य करावे लागते.

आधुनिक वैद्यकात तर सूक्ष्मजीवाने माणसाला रोग होतो याचा एक अगदी पहिला पुरावा याच आजारांतून मिळाला. डोक्यावर पिवळ्या खपल्या धरून वण ठेवणाऱ्या खवड्यात बुरशी असते हे १८३९ साली योहान शॉनलाइन या जर्मन वैद्याने दाखवले, आणि दोन वर्षांनी पॅरिसमध्ये डेव्हिड ग्रुबी याने ते स्वतंत्रपणे अधिक पक्के केले. रॉबर्ट कॉखचे काळपुळीवरील गाजलेले संशोधन त्यानंतर सुमारे पस्तीस वर्षांनी आले. कारण कळले तरी औषध मिळायला शंभर वर्षांहून अधिक काळ गेला. दरम्यान युरोप-अमेरिकेत आणि इस्रायलमध्ये हजारो मुलांच्या डोक्यावर क्ष-किरण सोडून केस गाळण्याचा उपाय केला गेला, आणि त्या मुलांपैकी काहींना मोठेपणी मेंदूच्या व थायरॉइडच्या गाठी झाल्या. ग्रिसिओफल्विन हे पोटात घेण्याचे बुरशीनाशक १९५८ साली हाती आले तेव्हा क्ष-किरणांचा हा उपाय मागे पडला.

बुरशीचा आजार आजही लहान मुलांत दिसतो. एकच कंगवा, एकच टॉवेल, एकच टोपी वापरणे किंवा गजकर्ण झालेल्या वासराला खेटून खेळणे एवढे त्याला पुरते. कधी कधी डोक्यावर मऊ, पुवाने ठिबकणारी, दुखरी सूज येते, तिला केरिऑन म्हणतात. दिसायला ती गळूसारखी असल्याने चिरा देऊन पू काढण्याचा मोह होतो, परंतु तिच्यात पुवापेक्षा शरीराची बुरशीविरुद्धची तीव्र प्रतिक्रिया अधिक असते आणि चिरा दिल्याने वणच वाढतो. सहा-आठ आठवडे पोटातून बुरशीनाशक घेतले तर ती बहुधा पूर्ण बरी होते. केवळ मलम पुरत नाही, कारण बुरशी केसाच्या आत शिरलेली असते. औषधाच्या दुकानातून आणलेले, स्टिरॉइड आणि बुरशीनाशक एकत्र असलेले मलम तर अधिक घातक ठरते, कारण खाज दोन दिवसांत थांबते, रूप बदलते आणि बुरशी आत पसरत राहते. पालकांनी एवढे एक ध्यानात ठेवले तरी वण ठेवणाऱ्या टकलाचा एक मोठा आणि पूर्णपणे टाळता येण्याजोगा वाटा कमी होईल.

कोणत्या पेशी चालून येतात

जंतू, भाजणे, रसायन, ओढ अशा बाहेरच्या कारणाने रोमकूप गेले तर ते आजूबाजूच्या त्वचेबरोबर गेलेले असतात. केस येण्यासाठी चट्ट्यावर बिब्बा लावण्याची जुनी सवय याच प्रकारात मोडते. बिब्ब्याच्या तेलातील दाहक द्रव्यामुळे त्वचा जळते, आणि ज्या चाईचे केस आपोआप आले असते तेथे वण राहून ती जागा कायमची उजाड होते. वर्षानुवर्षे घट्ट ओढून घातलेल्या वेण्यांनी कानशिलावरचे आणि कपाळाच्या कडेचे केस आधी विरळ होतात व शेवटी रोमकूप मिटतात. डोक्यात जट झालेल्या स्त्रियांच्या मानेला आणि केसांच्या मुळांना जे ओझे वागवावे लागते तेही असेच. देवाच्या भीतीने ते सहन करणाऱ्या स्त्रियांची समजूत काढून जट सोडवण्याचे काम महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे कार्यकर्ते करत आले आहेत, आणि ते जितके श्रद्धेच्या प्रश्नाशी तितकेच त्वचेच्या आरोग्याशीही निगडित आहे.

ज्यांत दाहाचे लक्ष्य मुळातच रोमकूप असतो त्या आजारांची २००१ साली उत्तर अमेरिकेतील केसतज्ज्ञांनी एक व्यवहार्य विभागणी केली. भोवती जमलेल्या पांढऱ्या पेशी मुख्यतः लिम्फोसाइट असतील, म्हणजे शत्रू ओळखून लक्षात ठेवणाऱ्या पेशी असतील, तर एक गट; न्यूट्रोफिल, म्हणजे पू तयार करणाऱ्या पेशी असतील, तर दुसरा; दोन्ही असतील तर मिश्र. उपचाराची दिशा बरीचशी यावरून ठरते, म्हणून या विभागणीचे महत्त्व केवळ पुस्तकी नाही.

पहिल्या गटातले दोन आजार भारतात विशेष आढळतात. डिस्कॉइड लुपस या आजारात चेहरा, कान आणि डोके यांवर खवल्यांचे चट्टे येतात. सावळ्या त्वचेवर मध्यभागी रंग उडालेला आणि कडेला काळपट कडे असे त्याचे रूप असते, कानाच्या खळग्यातही छोटे चट्टे सापडतात, आणि उन्हाने तो भडकतो. मे महिन्यात पारा पंचेचाळीस अंशांकडे झुकणाऱ्या खानदेशात, कापूस आणि केळीच्या शेतात दिवसभर राबणाऱ्या माणसाला हा आजार असणे म्हणजे काय, हे वेगळे सांगायला नको. थोड्या रुग्णांत हाच लुपस सांधे आणि मूत्रपिंडापर्यंत पोचतो, म्हणून रक्त व लघवीची तपासणी करावी लागते. दुसरा लायकेन प्लॅनोपिलॅरिस. यात माथ्यावर तीव्र खाज, जळजळ आणि हात लावला तरी दुखावे असा हुळहुळेपणा असतो, केसाच्या बुडाशी लालसर कडे व बारीक खपली दिसते, आणि काहींच्या मनगटावर जांभळट पुरळ किंवा तोंडात पांढऱ्या रेषाही असतात. याचाच एक प्रकार ऑस्ट्रेलियातील स्टीव्हन कोसार्ड यांनी १९९४ साली प्रथम वर्णिला. त्यात बहुधा पाळी गेलेल्या स्त्रियांच्या कपाळावरची केसांची रेषा मागे सरकत जाते आणि भुवया विरळ होतात. वयामुळे कपाळ मोठे झाले असे समजून तो वर्षानुवर्षे दुर्लक्षित राहतो.

पुवाच्या गटातील फॉलिक्युलायटिस डेकॅल्व्हन्स या आजाराचे वर्णन फ्रेंच वैद्य शार्ल-युजेन क्वँको याने १८८८ साली केले. चट्ट्याच्या कडेला केसाभोवती पुवाचे फोड येतात, मध्यभाग वणाने भरतो, आणि आजूबाजूचे रोमकूप आक्रसून एकत्र आल्यामुळे एकाच छिद्रातून पाच-सहा, कधी दहा-पंधरा केसांचा झुबका बाहेर पडतो. फोडांत स्टॅफिलोकॉकस ऑरियस हा जंतू वारंवार सापडतो; तो कोट्यवधी निरोगी माणसांच्या नाकातही असतो, त्यामुळे येथे केवळ जंतू दोषी की त्याच्याविरुद्धची शरीराची अतिरेकी प्रतिक्रिया दोषी, हा वाद मिटलेला नाही. तरुण पुरुषांच्या डोक्यावर मऊ, पुवाने भरलेल्या आणि त्वचेखाली एकमेकींना जोडलेल्या गाठी आणणारा डिसेक्टिंग सेल्युलायटिस हा याच गटातला, अधिक उग्र आजार आहे. मानेवर, केसांच्या खालच्या रेषेवर टणक पुटकुळ्या येऊन त्यांचे जाड वण होतात तो अ‍ॅक्ने केलॉइडॅलिस. मानेवर वस्तरा लावून केस अगदी बारीक करण्याच्या सवयीने व शर्टाच्या कडक कॉलरच्या घर्षणाने तो वाढतो, आणि केस थोडे वाढू देणे हाच त्यावरचा पहिला उपाय आहे.

तुकडा काढण्याची भीती

हे सर्व आजार सुरुवातीला केसतोड, कोंडा किंवा चाई यांपैकी काहीतरी समजून सोडून दिले जातात. रुग्णाला स्वतःचा माथा दिसत नाही; तो बहुधा प्रथम दिसतो केस कापणाऱ्याला. त्वचारोगतज्ज्ञ डर्मोस्कोप नावाच्या दिव्याच्या भिंगातून छिद्रे शिल्लक आहेत की नाहीत आणि केसाच्या बुडाशी खपली आहे का हे पाहतो. सावळ्या त्वचेत घामाच्या ग्रंथींची तोंडेही बारीक पांढऱ्या ठिपक्यांसारखी दिसत असल्याने हे पाहणे सरावाचे काम आहे. शंका राहिली तर सुई देऊन जागा बधिर करून चार मिलिमीटर रुंदीचा तुकडा काढावा लागतो. तो चट्ट्याच्या मध्यातून काढल्यास फक्त वण सापडतो, म्हणून दाह चालू असलेल्या, केस अजून असलेल्या कडेवरून घ्यावा लागतो. रोगनिदानतज्ज्ञ तो उभा कापतात तसा आडवाही कापतात, कारण आडव्या कापात एका दृष्टिक्षेपात अनेक रोमकूप मोजता येतात. तुकडा काढल्याने आजार पसरतो ही भीती निराधार आहे. एक-दोन टाके पडतात आणि ज्वारीच्या दाण्याएवढी खूण राहते, आणि त्या बदल्यात वर्षानुवर्षांच्या चुकीच्या औषधांपासून सुटका होते.

┌─────────────────────────
चौकट : डॉक्टरांकडे कधी जावे

टकलाच्या जागेवर खाज, जळजळ किंवा दुखणे असेल, कडेला पू, खपल्या किंवा केसांचे झुबके दिसत असतील, त्वचा गुळगुळीत होऊन छिद्रे नाहीशी झाली असतील, किंवा भुवयाही विरळ होत असतील, तर वाट पाहू नये. तालुक्याच्या रुग्णालयातून चिठ्ठी घेऊन जळगावच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या किंवा धुळ्याच्या भाऊसाहेब हिरे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या त्वचारोग विभागात जाता येते. जाताना आधी वापरलेली मलमे व गोळ्यांची वेष्टने सोबत न्यावीत आणि तपासणीपूर्वी डोक्याला तेल लावू नये.
└─────────────────────────

उपचार : जे उरले ते राखणे

येथे पहिल्याच भेटीत एक कटू गोष्ट स्पष्ट करावी लागते, आणि ज्या दवाखान्यात ती सांगितली जात नाही तेथे रुग्ण सहा महिन्यांत उपचार सोडून देतो. जे रोमकूप मिटले ते कोणत्याही औषधाने उघडत नाहीत. उपचाराचे यश नव्या केसांवर मोजायचे नसून खाज थांबली का, पू आटला का आणि चट्ट्याची कड पुढे सरकायची थांबली का यावर मोजायचे असते. त्यासाठी दर तीन महिन्यांनी त्याच जागेचा, त्याच उजेडात, भांग पाडून मोबाइलवर फोटो काढून ठेवणे हे कोणत्याही यंत्राइतके उपयोगी पडते.

लिम्फोसाइटच्या गटात दाह शमवणे हे मुख्य काम असते. तीव्र स्टिरॉइडचे द्रावण रात्री लावणे आणि चट्ट्याच्या कडेत दर चार ते सहा आठवड्यांनी ट्रायम्सिनोलोनची बारीक इंजेक्शने देणे ही पहिली पायरी. स्टिरॉइड अतिरेकाने वापरले तर त्वचा पातळ होते, म्हणून त्याचे प्रमाण डॉक्टरच ठरवतात. त्याच्या जोडीला हायड्रॉक्सिक्लोरोक्विन देतात. हिवतापासाठी तयार झालेल्या आणि २०२० च्या कोरोनाकाळात नाव घरोघर पोचलेल्या या गोळीचे खरे मोल लुपसच्या रुग्णांना कित्येक दशके ठाऊक आहे. तिचा परिणाम दिसायला दोन-तीन महिने लागतात, रोजची मात्रा वजनाच्या दर किलोमागे पाच मिलिग्रॅमच्या आत ठेवावी लागते, आणि दीर्घकाळ घेतल्यास डोळ्याच्या पडद्यावर परिणाम होऊ शकत असल्याने सुरुवातीला व नंतर ठरावीक काळाने नेत्रतपासणी आवश्यक असते. विडी-सिगारेट ओढणाऱ्या लुपसच्या रुग्णांत ही गोळी कमी परिणामकारक ठरते असे वारंवार दिसून आले आहे. ऊन टाळणे हाही औषधाचाच भाग आहे. शेतात राबणाऱ्याला सनस्क्रीनचा सल्ला महाग आणि घामाने धुऊन जाणारा वाटतो, पण खानदेशात डोक्याला बांधला जाणारा मोठा पांढरा सुती रुमाल किंवा डोक्यावरून नीट घेतलेला पदर हे संरक्षण बिनखर्चाचे आहे. डॉक्सिसायक्लिन हे प्रतिजैविकही येथे जंतू मारण्यासाठी नसून त्याच्या दाहशामक गुणासाठी देतात. मात्र त्याने त्वचा उन्हाला अधिक संवेदनशील होते, गोळी भरपूर पाण्याबरोबर घ्यावी लागते आणि गर्भवतींना ती देत नाहीत.

पुवाच्या गटात पेच अधिक गहन आहे. १९९९ साली ऑक्सफर्डच्या त्वचारोगतज्ज्ञांनी फॉलिक्युलायटिस डेकॅल्व्हन्सच्या रुग्णांना रिफॅम्पिसिन आणि क्लिंडामायसिन ही दोन प्रतिजैविके सोबत दहा आठवडे देऊन चांगले परिणाम मिळवल्याचे प्रसिद्ध केले, आणि तेव्हापासून जगभरच्या पुस्तकांत हा उपचार अग्रस्थानी आहे. ब्रिटनमध्ये तो जितक्या निश्चिंतपणे लिहिता येतो तितका भारतात लिहिता येत नाही. रिफॅम्पिसिन हे क्षयरोगाच्या उपचाराचा कणा आहे. छातीत लक्षात न आलेला सक्रिय क्षय असलेल्या माणसाला डोक्यावरच्या फोडांसाठी दहा आठवडे रिफॅम्पिसिन दिले आणि त्याच्यासोबत क्षयाची इतर औषधे नसली, तर दुबळे जंतू मरतात, रिफॅम्पिसिनला न जुमानणारे जंतू उरू शकतात, आणि मग तो क्षय साध्या सहा महिन्यांच्या उपचाराने बरा होत नाही. म्हणून आपल्याकडे हे औषध सुरू करण्यापूर्वी खोकला, ताप, वजन घटणे यांची चौकशी आणि छातीचा एक्स-रे या गोष्टी वगळणे गैर आहे, आणि अनेक तज्ज्ञ आधी डॉक्सिसायक्लिन किंवा अ‍ॅझिथ्रोमायसिन वापरून पाहतात ते योग्यच म्हटले पाहिजे. रिफॅम्पिसिनने लघवी, घाम, अश्रू नारिंगी होतात, याची कल्पना आधी दिली नाही तर रुग्ण घाबरून गोळ्या बंद करतो. त्याने गर्भनिरोधक गोळ्यांचा परिणामही घटतो. एका रुग्णाची चिठ्ठी दुसऱ्याने औषधाच्या दुकानात दाखवून तीच औषधे घेणे या आजारात म्हणूनच विशेष धोक्याचे आहे.

डिसेक्टिंग सेल्युलायटिसमध्ये मुरुमांवरचे आयसोट्रेटिनोइन अनेक महिने द्यावे लागते. गर्भावर त्याचे गंभीर परिणाम होतात, त्यामुळे स्त्रियांना ते देताना औषध चालू असेपर्यंत आणि बंद केल्यानंतर एक महिना गर्भधारणा होणार नाही याची खात्री करावी लागते. त्यानेही न बधणाऱ्या रुग्णांत अ‍ॅडॅलिम्युमॅबसारखी दाहाचा विशिष्ट निरोप अडवणारी इंजेक्शने वापरली जातात. ती महाग असून त्यांच्यापूर्वीही क्षयाची तपासणी टाळता येत नाही. चाईसाठी २०२२ साली अमेरिकेत मान्यता मिळालेल्या बॅरिसिटिनिबच्या वर्गातील गोळ्या आता वण ठेवणाऱ्या टकलातही आजमावल्या जात आहेत. मिनॉक्सिडिलचे द्रावण मेलेल्या जागी केस आणत नाही, पण शेजारच्या जिवंत रोमकूपांतील केस जाड करून चट्टा झाकायला मदत करते.

आजार शांत झाला म्हणजे कायमचा गेला असे नाही. औषध थांबवल्यावर तो काही महिन्यांनी किंवा वर्षांनी पुन्हा डोके वर काढू शकतो. जुन्या, वारंवार चिघळणाऱ्या वणात क्वचित त्वचेचा कर्करोग उद्भवतो, तेव्हा भरत नसलेली जखम किंवा वाढणारी टणक गाठ दिसल्यास तिचा तुकडा तपासून घ्यावा.

रोपणाची घाई

शहरोशहरी निघालेल्या केसरोपण केंद्रांच्या जाहिरातींत टकलाचे प्रकार सांगितलेले नसतात. पुरुषी टकलात मागच्या भागातील रोमकूप पुढे लावले की ते तेथे रुजतात, कारण जमीन निरोगी असते. वण ठेवणाऱ्या टकलात दाह चालू असताना रोपण केले तर लावलेले रोमकूपही त्याच दाहाला बळी पडतात, आणि शस्त्रक्रियेच्या इजेनेच शांत आजार पुन्हा जागा होऊ शकतो. वणाच्या ऊतीला रक्तपुरवठा कमी असल्याने शांत जागेवरही सर्व रोमकूप रुजत नाहीत. म्हणून किमान एक ते दोन वर्षे आजाराची कोणतीही खूण नसणे, आधी थोड्या जागेवर चाचणी रोपण करून पाहणे आणि नंतरही औषधाची तयारी ठेवणे या अटी सांभाळल्या जातात. भाजून किंवा अपघाताने राहिलेल्या स्थिर वणावर रोपणाचे परिणाम बरेच चांगले येतात. तोवर केसांच्या रंगाची झाकणारी पूड, भांगाची जागा बदलणे किंवा टोप हे पर्याय सुरक्षित आहेत आणि त्यांत कमीपणा मानण्यासारखे काही नाही. ज्यांच्या टकलाच्या जागेवर खाज, आग किंवा पू आहे त्यांनी रोपणाचे पैसे भरण्यापूर्वी त्वचारोगतज्ज्ञाकडून तुकड्याच्या तपासणीचा लेखी अहवाल घ्यावा, आणि त्या अहवालाशिवाय शस्त्रक्रियेची तारीख देणाऱ्या केंद्राची पायरी चढू नये.